पाच बोटांचा आस

तंगालच्या धक्क्यापासून थोडं आत,
नारळाला टेकवलेल्या फुटक्या होडीच्या सावलीत
पियसीली जाळं सांधते.
डाव्या पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून,
दातांत वेळूची सुई धरून
ती बोलते तेव्हा शब्दही गाठी मारल्यासारखे येतात:
अर्धा, थांबून, मग घट्ट.

काल पौर्णिमा होती. होड्या वाळूवर पालथ्या.
पांढरी साडी नेसून ती दिवसभर विहारात बसली,
अष्टशील घेतलं,
दुपारनंतर फक्त गुळाच्या खड्यासोबत कोरा चहा.
पहिलं शील म्हणताना तिचा आवाज खाली गेला.
दरवेळी जातो.
तिथल्या निम्म्या बायकांचा जातो.
केसांना मासळीचा वास असलेल्या बाया
जीव घेणार नाही म्हणतात
आणि भन्ते डोळे मिटून ऐकतात.
करुणेनं मिटतात की ओळखीनं,
तिला अजून कळलेलं नाही.
भन्तेंची आईही याच किनाऱ्यावर सुकट विकायची.

एकदा विचारलंच तिनं:
सम्यक आजीविका म्हणजे काय, भन्ते,
ज्यांच्याकडे समुद्रच आहे, शेत नाही, त्यांनी?
वाटलं होतं, एखादी गाथा सांगतील.
ते अंगण झाडत राहिले.
मग म्हणाले, माझं पहिलं चीवर ज्या पैशांनी आलं
त्यांनाही खवले चिकटलेले होते.

उत्तर नव्हतंच ते.
ओल्या लाकडासारखं घेऊन ती घरी आली.
पेटेना, फेकवेना.

मग कधीतरी,
तारीख तिला आठवत नाही,
धाकटीला गोवर आला होता एवढं खरं,
फाटलेली कड सांधताना
तिनं चार बोटांऐवजी पाच मोजली.
एकच ओळ. मग दुसरी.
मग कुठे थांबायचं ते सुचेना.

चार बोटांतून पाणी जातं.
पाच बोटांतून पाणी जातं
आणि या वर्षी जन्मलेलं सगळं.

नवऱ्याला सांगितलं नाही.
सम्यक वाणीचं काय, मी विचारलं.
ती सुई दातांत धरूनच हसली:
न बोलणं वाणीत मोडतं का?

विमलसिरी तीन आठवडे पाहत होता.
पाट्या हलक्या. दलालाशी भांडण. डिझेलची उधारी.
एका रात्री बॅटरी घेऊन परसात गेला,
जाळं पसरलं, हात घातला.
ती दाराआडून बघत होती.
त्यानं बोटं मोजली.
परत मोजली.
त्याची बोटं जाड, म्हणून तिसऱ्यांदा.
मग जाळ्याची घडी घातली, टोकाला टोक लावून,
जशी त्यानं कधी स्वतःच्या अंथरुणाचीही घातली नव्हती,
आणि आत येऊन म्हणाला,
उद्या डाळच शिजव.

एवढंच.
मी निर्वाणाबद्दल काही ऐकायला मिळेल म्हणून आलो होतो.

माझ्या भाषेत जाळ्याच्या भोकाला आस म्हणतात,
मी तिला सांगितलं,
आणि मनाच्या न भरणाऱ्या भुकेलाही आसच.
तिला गंमत वाटली.
सिंहलीत त्या भोकाला डोळा म्हणतात
आणि उच्चार जवळजवळ तोच.
थोडा वेळ सुई हलली नाही.
मग डोळा मोठा केला
तर तुमची ती भूक धाकटी होते का?

मला सांगता आलं नाही.

मोठे मासे अजून मरतात.
पहाटे पाटीत शेपट्या आपटतात,
तो आवाज विहाराच्या घंटेच्या आधी येतो, रोज.
पूर्वी ती पाठ फिरवून चूल फुंकायची.
आता उभी राहते,
आवाज पूर्ण थांबेपर्यंत.
काही म्हणत नाही. हात जोडत नाही.
त्यानंतरच वजनकाटा आणते.

दोरा संपला.
नवं रीळ माझ्या हातात देऊन ती म्हणाली,
धर. ओढू नकोस,
नुसतं सुटू दे.